शुक्र पुन्हा दिसणारच

"संध्याकाळी पश्चिमेला खूप तेजस्वी तारा दिसतोय. गेले आठ दिवस तिथेच आहे, म्हणजे विमान नसावं. काय असेल?"

आकाशदर्शनाच्या आमच्या हौशी गटात आलेला हा प्रश्न. विचारणारा आठवड्यापूर्वीच गटात आला होता. सोबत मोबाइलवर काढलेला फोटो होता. त्यात हात हलल्यामुळे पांढऱ्या ठिपक्याची छोटी रेघ झाली होती. पाच मिनिटांत त्याला उत्तर मिळालं: "हा प्रश्न इथे शंभरदा येऊन गेलाय. विचारण्याआधी जरा मागचं वाचत चला." तासाभराने पाहिलं तर प्रश्नही नव्हता आणि फोटोही नव्हता. त्याने दोन्ही काढून टाकलं होतं. पुढे तो गटात कधी काही बोलला नाही आणि महिन्याभरात निघून गेला.

ते उत्तर मी लिहिलं होतं. त्याला गटातल्या सात जुन्या मंडळींनी पसंतीच्या अंगठ्याचं चिन्ह देऊन दाद दिली होती, हेही सांगायला हवं, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. मी एका माणसावर खेकसलो आणि त्या बदल्यात माझी पत वाढली. "शुक्र" एवढी दोनच अक्षरं लिहायची होती. ती न लिहिता मी दोन वाक्यं लिहिली. म्हणजे वेळ वाचवायचा होता, हे कारणसुद्धा टिकत नाही.

त्या प्रसंगानंतर मी या गोष्टीचा बराच विचार केला आहे आणि माझं मत आता पक्कं झालं आहे: नवख्याच्या त्याच त्या प्रश्नाला उत्तर देण्याचं बंधन कोणावरही नाही, पण तो प्रश्न विचारल्याबद्दल त्याला खजील करण्याचा अधिकारही कोणाला नाही. उत्तर द्यायचं नसेल, तर गप्प बसावं. या दोहोंच्या मधली जी जागा आहे, म्हणजे टोमणा, उसासा, "पुन्हा तेच!", ती आपण सोडून द्यायला हवी.

मुळात हा प्रश्न "पुन्हा" का येतो? शुक्र सुमारे 584 दिवसांनी, म्हणजे साधारण 19 महिन्यांनी, सूर्य आणि पृथ्वी यांच्या संदर्भात त्याच जागी परत येतो. त्या काळात काही महिने तो पहाटे पूर्वेला असतो, तर काही महिने संध्याकाळी पश्चिमेला. पहाटेच्या शुक्राबद्दल फार कोणी विचारत नाही, कारण तेव्हा जागं कोण असतं? पण संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या माणसाची नजर वर जाते आणि एरवी आकाशाकडे न पाहणाराही थबकतो. आकाशात सूर्य आणि चंद्र सोडले तर शुक्राइतकं सातत्याने झळाळणारं दुसरं काही नाही. शुक्र परत येतो म्हणून प्रश्न परत येतो. "पुन्हा" हे फक्त आमच्या कानांसाठी आहे. विचारणाऱ्याच्या आयुष्यात ती शुक्राची चांदणी पहिल्यांदाच उगवलेली असते, कारण याआधी ती नुसतीच दिसली होती, त्याने पाहिली नव्हती.

प्रत्यक्षात समोरासमोर आपण असे वागत नाही, याचं मला फार नवल वाटतं. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात दुर्बिणीमागे चाळीस माणसांची रांग असते. शनी दाखवला की आत चित्र चिकटवलंय का, असं कोणीतरी विचारतंच. किती लांब आहे, हे प्रत्येक तिसरा माणूस विचारतो. "हे आत्ताच पुढच्याने विचारलं होतं, तुमचं लक्ष कुठे होतं?" असं मी रांगेतल्या कोणालाही कधी म्हटलेलं नाही. उलट चाळिसाव्या माणसाच्या तोंडून "अरे, खरंच कडी आहेत!" हे ऐकताना पहिल्याइतकाच आनंद होतो. त्याचा चेहरा समोर असतो. लेखी बोलण्यात चेहरा नसतो, पण मागच्या सगळ्या उत्तरांची नोंद मात्र असते. ती नोंद आपल्याला दिसते आणि त्यामुळे विचारणारा आपल्याला आपोआप अपराधी वाटू लागतो. त्याचा गुन्हा इतकाच, की तो रांगेत उशिरा आला.

अमेरिकेतले जॉन डॉब्सन यांनी ही रांगच आयुष्याचं काम मानलं. 1915 साली जन्मलेला हा माणूस कॅलिफोर्नियातल्या वेदान्त मठांत दोन दशकांहून अधिक काळ संन्यासी म्हणून राहिला. टाकाऊ काचा घासून तो दुर्बिणीचे आरसे बनवायचा. 1967 साली त्याला मठ सोडावा लागला आणि 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स' हा गट उभा राहिला. रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून चंद्र, शनी दाखवायचे आणि तो विचारील त्याचं उत्तर द्यायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. 2014 साली ते गेले. त्यांनी रुळवलेल्या साध्या, स्वस्त बांधणीच्या दुर्बिणीला आज जगभर डॉब्सोनियन म्हणतात. ज्या तेच-तेच प्रश्नांना आपण वैतागतो, ते प्रश्न शोधत हा माणूस रस्त्यावर उभा राहत होता.

आता "आधी शोधून बघ" या सल्ल्याकडे येऊ. तो वाजवी वाटतो, म्हणूनच त्याकडे नीट पाहायला हवं. ज्याला शुक्र हा शब्द सुचला असता, त्याला हा प्रश्न पडलाच नसता. शोधायला शब्द लागतो आणि नवख्याकडे नेमका तोच नसतो. 1987 साली जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसं वस्तूंना आणि कृतींना कोणती नावं देतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन माणसं एकाच गोष्टीसाठी आपणहून एकच शब्द निवडतील, याची शक्यता त्यांना 20 टक्क्यांहूनही कमी आढळली. ही अगदी रोजच्या वापरातल्या गोष्टींची कथा. मग ज्या क्षेत्राची परिभाषाच वेगळी आहे, तिथे काय होत असेल? आम्ही जुने लोक "भिंग-व्यास" म्हणून उत्तर लिहून ठेवतो आणि नवखा "किती लांबचं दिसतं" असं शोधतो. दोघे एकाच खोलीत उभे असतात, पण दिवा नसतो.

ग्रंथपालांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. रॉबर्ट टेलर यांनी 1968 साली ग्रंथालयात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर लिहिताना प्रश्नाच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी म्हणजे पोटात नुसतीच जाणवणारी, शब्दांत न आलेली गरज. शेवटची म्हणजे समोरच्याला काय कळेल, इथे काय मिळेल याचा अंदाज बांधून केलेला, तडजोडीतून आलेला प्रश्न. आपल्या कानावर पडतो तो हा शेवटचा. "नवीन माणसासाठी कोणती दुर्बीण चांगली?" हा आमच्याकडचा सर्वांत जुना प्रश्न घ्या. तो शेकड्याने आला आहे, पण त्याच्या पोटात दर वेळी वेगळंच काहीतरी असतं. एकाला मुलीच्या वाढदिवसाची भेट हवी असते. दुसऱ्याने खोक्यावर "525 पट" असं वाचलेलं असतं आणि ते खरं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. (खरं नसतं. आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला साधारण दोन पट, हीच उपयोगी विवर्धनाची, म्हणजे मोठं करून दाखवण्याची, मर्यादा. 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीतून 120 पटींच्या पुढे फक्त मोठा धूसरपणा दिसतो.) तिसऱ्याला खरं तर दुर्बीण नकोच असते, त्याला आधी 10 बाय 50 ची द्विनेत्री, म्हणजे 10 पट मोठं दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची, दोन्ही डोळ्यांनी पाहायची छोटी दुर्बीण पुरते. शब्द एकच, प्रश्न तीन. एकच ठेवणीतलं उत्तर तिघांच्या तोंडावर फेकलं, तर दोघांचं तरी नुकसान होतं.

आणि ठेवणीतली उत्तरं शिळीही होतात. 'छोट्या दुर्बिणीतूनही शनीची कडी सहज दिसतात' हे वाक्य आमच्या गटात वर्षानुवर्षं अनेकांनी लिहिलं. 2025 च्या मार्चमध्ये पृथ्वी त्या कड्यांच्या पातळीतून गेली आणि कडी आपल्याला काठावरून, जवळजवळ न दिसण्याइतकी बारीक दिसू लागली. साधारण पंधरा वर्षांनी हे घडतं. आधीच्या वेळी, 2009 मध्ये, आजच्या सदस्यांपैकी बरेच जण गटात नव्हते. पुढचे काही महिने कडी बारीकच राहिली. त्या वर्षी एकाने विचारलं, "माझी दुर्बीण खराब आहे का? शनी नुसता गोळा दिसतोय, मध्ये एक बारीक रेघ आहे." त्याला कोणीतरी सवयीने जुन्या उत्तराचा दुवा दिला. त्या जुन्या उत्तरात लिहिलं होतं की, कडी दिसत नसतील तर दुर्बीण नीट जुळवा. बिचारा दोन रात्री स्क्रू पिळत बसला. दुर्बीण ठीक होती, उत्तर जुनं होतं. जुन्या प्रश्नाकडे नव्याने पाहण्याची सवय मोडते, तेव्हा फटका फक्त नवख्यालाच बसत नाही. आपल्याला माहीत आहे म्हणून आपण जे सांगतो, ते अजून खरं आहे का, हे तपासणं जुन्यांच्या हातूनच सुटतं.

'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' ही यादी याच तिढ्यातून जन्मली आणि तिचा जन्म आकाशवेड्यांमध्येच झाला, हे मला फार आवडतं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला, आजचं इंटरनेट यायच्या आधी, संगणकांच्या जाळ्यावर अंतराळाविषयी चर्चा चालत असे. तेच प्रश्न वारंवार येतात हे पाहून नासात काम करणारे यूजीन मिया यांनी प्रश्नोत्तरांची यादी करून ती ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा सगळ्यांना पाठवायला सुरुवात केली. यातलं "पुन्हा पुन्हा" महत्त्वाचं आहे. ती यादी कुठेतरी ठेवून "तिथे जाऊन वाच" असं म्हणण्यासाठी नव्हती. नवे लोक येतच राहणार आणि म्हणून सांगतच राहावं लागणार, हे मान्य करून केलेली ती सोय होती. आपण पुढे त्या यादीचा अर्थ उलटा केला. सांगण्यासाठी बनवलेली गोष्ट न सांगण्यासाठी वापरू लागलो.

यावर जुन्या मंडळींची बाजू मला ठाऊक आहे, कारण मी त्यांच्यातलाच आहे. हे काम कोणी पगारासाठी करत नाही. दिवसभराचं काम आटोपून, घरातलं सगळं सांभाळून माणूस अर्धा तास इथे येतो. त्याला धूमकेतूवर बोलायचं असतं, कोणाच्या तरी नव्या निरीक्षणावर वाद घालायचा असतो आणि समोर सतराव्यांदा "कोणती दुर्बीण घेऊ?" उभं राहतं. हा थकवा खरा आहे. तो खोटा ठरवून "संयम ठेवा" असं उपदेश केल्याने काही होत नाही. सगळ्यांनी सगळ्यांना सदैव हसतमुखाने उत्तरं द्यावीत अशी अपेक्षा ठेवली, तर चांगली माणसं दमून निघून जातील आणि मग नवख्याला सांगायला कोणी उरणारच नाही.

म्हणून मी म्हणतो, थकलेल्याने गप्प बसावं. हा एवढाच नियम पाळायला सर्वांत सोपा आहे आणि त्याने निम्मं दुखणं बरं होतं. प्रश्न तासभर अनुत्तरित राहिला तर आभाळ कोसळत नाही. त्या तासात दुसरा कोणीतरी येतो. तो दुसरा कोण असावा, याबद्दलही माझं ठाम मत आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस लागत नाही, किंबहुना तो त्या कामाला फारसा योग्यही नसतो. तो काय काय गृहीत धरतो, हे त्याचं त्यालाच कळत नाही. गेल्या वर्षी हाच प्रश्न विचारलेला माणूस उत्तम सांगतो, कारण आपण कुठे अडखळलो होतो, ते त्याला अजून आठवतं. शिवाय सांगताना त्याचं स्वतःचंही पक्कं होतं. आमच्या गटात आता जुन्यांनी नवख्यांच्या प्रश्नावर पहिले काही तास थांबायचं, असा अलिखित रिवाज पडला आहे. आधी दुसऱ्या वर्षातली मंडळी बोलतात. चुकलं तर आम्ही हळूच दुरुस्त करतो. उत्तरं आधीपेक्षा लांबलचक येतात, क्वचित पाल्हाळिकही, पण ती नवख्याला कळतात.

दुवा द्यायलाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती नुसता दुवा फेकण्याला. "हा शुक्र आहे. तो इतका तेजस्वी का, ते या लेखाच्या दुसऱ्या भागात छान सांगितलंय" असं म्हणून दिलेला दुवा आणि "वाचा" असं म्हणून दिलेला दुवा, दोन्हींचा पत्ता एकच असतो. पहिल्यात आपण माणसाला दारापर्यंत सोडायला जातो, दुसऱ्यात दाराकडे बोट दाखवतो. न्यूयॉर्कमधल्या रिकर्स सेंटर या प्रोग्रॅमिंग शिकण्याच्या ठिकाणी मोजकेच सामाजिक नियम आहेत. त्यातला एक असा, की समोरच्याला एखादी गोष्ट माहीत नसेल तर आश्चर्याचा आव आणायचा नाही. "काय! तुम्हाला ध्रुवतारासुद्धा ओळखता येत नाही?" या वाक्यातून माहिती शून्य मिळते. "मला येतो" एवढंच त्यातून कळतं.

राहिला तो आळशी प्रश्नकर्ता. तो असतोच. सगळं आयतं हवं असतं त्याला, दिलेलं उत्तर न वाचता तो पुढचा प्रश्न टाकतो. पण एका प्रश्नावरून माणूस आळशी ठरत नाही. ते कळायला तिसरा-चौथा प्रश्न यावा लागतो. तोवर त्याला अजाण समजावं. आणि कळल्यावरही टोमण्याची गरज नसते. "तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिलंत? नक्की कुठे अडलं?" एवढं विचारलं तरी ज्याला शिकायचं आहे तो खुलतो आणि ज्याला नाही तो आपसूक गळतो. दोघांचाही अपमान होत नाही.

आपण खेकसलो तर काय जातं? एक माणूस जातो, असं आपल्याला वाटतं. पण गटात बोलणाऱ्यांपेक्षा नुसतं वाचणारे कितीतरी जास्त असतात आणि प्रत्येक टोमणा त्या सगळ्यांनी वाचलेला असतो. माझ्या त्या उत्तरानंतर कितीजणांनी आपला प्रश्न गिळला असेल, हे मला कधीच कळणार नाही. विकिपीडियावर 'नवागतांना चावू नका' अशा अर्थाचं एक मार्गदर्शक तत्त्व फार पूर्वीपासून लिहिलेलं आहे. तरीही इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या 2007 नंतर घसरत गेली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचं एक मोठं कारण सापडलं: चांगल्या हेतूने काम करणाऱ्या नवख्यांची संपादनं धडाधड उलटवली जात होती आणि ते पुन्हा येत नव्हते. नियम भिंतीवर होता, हात मात्र सवयीने चालत होते.

आता तर नवख्याला दुसरं दारही उघडं आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं. ते कधीच "मागचं वाचा" म्हणत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर, जिथे आधी विचारलेला प्रश्न 'पुनरावृत्ती' म्हणून बंद करण्याची रीत होती, नव्या प्रश्नांची संख्या त्यानंतर झपाट्याने खाली आली. आपली जागा नवख्यांना रुक्ष वाटते, हे त्या कंपनीने 2018 मध्येच जाहीरपणे मान्य केलं होतं. घसरणीची कारणं एकापेक्षा जास्त असतील, पण एकटा माणूस एकट्या यंत्राशी बोलून शंका फेडून घेऊ लागला, की ते उत्तर तिसऱ्या कोणाच्या कामी येत नाही आणि चुकीचं असेल तर ते दुरुस्त करायलाही कोणी नसतं. मला याची खरी काळजी वाटते. यंत्राला जे येतं त्यातलं पुष्कळसं कोणीतरी कधीतरी कंटाळा न करता चारचौघांत लिहिलं होतं म्हणून येतं. आणि उद्या 2025 सारखं वर्ष पुन्हा आलं, कडी दिसेनाशी झाली, तर "काल रात्री मीही पाहिलं, मलाही नाही दिसली" असं सांगणारा माणूसच लागतो.

पुढच्या खेपेला शुक्र संध्याकाळी आला, तेव्हा प्रश्न आलाच. या वेळी विचारणारी एक शाळेतली शिक्षिका होती. मी थांबलो. दीड वर्षापूर्वी गटात आलेल्या एका मुलाने तिला लिहिलं: "ताई, तो शुक्र. सूर्य आणि चंद्रानंतर आकाशात तोच सगळ्यात तेजस्वी. तुमच्याकडे द्विनेत्री असेल तर पुढच्या काही आठवड्यांत तो चंद्राच्या कोरीसारखा होताना दिसेल." तिने आभार मानले आणि लगेच दुसरा प्रश्न विचारला: "इतका तेजस्वी आहे तर तो दिवसासुद्धा दिसत असेल का?"

दिसतो, हे मी वाचलं होतं. कुठे पाहायचं हे नेमकं माहीत असेल आणि हवा स्वच्छ असेल, तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पण इतक्या वर्षांत मी स्वतः कधी पाहिला नव्हता, तिला "हो" म्हणायला माझ्याकडे पुस्तकातलं वाक्य होतं, डोळ्यांचं नव्हतं. दोन दिवसांनी चंद्राची कोर शुक्राजवळ येणार होती. त्या दिवशी दुपारी चार वाजता मी सूर्य पूर्ण झाकला जाईल अशा भिंतीच्या सावलीत उभा राहिलो, आधी कोर शोधली आणि तिच्या डावीकडे निळ्या आकाशात बराच वेळ नजर फिरवत राहिलो. मग एकदम तो दिसला. टाचणीने टोचल्यासारखा पांढरा, अगदी स्थिर. पापणी लवली आणि हरवला. पुन्हा सापडायला दहा मिनिटं लागली. घरात येऊन मी तिला लिहिलं, "हो, दिसतो. आत्ताच पाहिला," आणि कुठे उभं राहायचं ते सांगितलं.